फेस बसायच्या आत

न्हावरे, ता. शिरूर
३ नोव्हेंबर १९७४

सौ. अंजना हिस मच्छिंद्रचा जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण एवढंच की लोखंडी ट्रंकेची किल्ली सापडत नाही. ट्रंकेत माझा गरम कोट आहे. किल्ली तुझ्या कमरेला असायची, ती तशीच तिकडं आली असणार. बबनच्या हाती पाठवून दे. तू चौथी शिकलेली आहेस, तेव्हा हे पत्र तूच वाच, भाऊ असला तरी बबनला वाचायला देऊ नको. तो ओळींच्या मधलं वाचतो आणि घरभर सांगतो. किल्लीशिवाय दुसरं काही कारण नाही.

इकडं सगळं ठीक आहे. आईचा गुडघा धरलाय. ती भाकरी थापते तेव्हा अर्धी जळते, मी थापतो तेव्हा सगळी. पोचा पडलेली तपेली चुलीवर नीट बसत नाही, कलंडते, म्हणून तिच्यात काही तापवायचं सोडून दिलंय. शेळ्या चांगल्या आहेत. चांदी व्याली, एकच करडू झालं.

तुला खुटबावला सोडून आलो त्याला पाच महिने झाले. त्या दिवशी तुमच्या वस्तीत लिंबाखाली जे बोललो ते रागात बोललो, मान्य. पण खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही. तूच बघ. तीन वर्षं इथं तुझं एकच चाललं होतं. दुपारी अंग मोडून येतं, कंबर धरते, रात्री घामानं लुगडं भिजतं, सकाळी उठवत नाही. आणि माहेरी पंधरा दिवस राहिलीस की गालावर रक्त. असा कुठला आजार असतो, जो भीमा ओलांडली की उतरतो?

थर्मामीटर मी स्वतः लावायचो. कामावर जायच्या आधी, रोज सकाळी. सत्त्याण्णव, फार तर अठ्ठ्याण्णव. संध्याकाळी अंगाला हात लावला तर गरम लागायचं, पण चुलीपुढं बसलेल्या बाईचं अंग गरमच लागणार. बाजारच्या दोन डॉक्टरांनी तुला तपासलं, दोघंही म्हणाले काही नाही. मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे, आजारी जीव ओळखणं हे माझं रोजचं काम. जनावर ढोंग करत नाही, म्हणून मला जनावरं बरी वाटतात.

असो. किल्ली लवकर पाठव. यंदा थंडी फार लवकर पडलीय. आई म्हणते कसली थंडी, पण म्हातारपणी तिला काही कळत नाही.

मच्छिंद्र


न्हावरे
९ डिसेंबर १९७४

सौ. अंजना हिस जयभीम.

किल्ली मिळाली. बबननं ती माझ्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून निघून गेला. मी विचारलं, "कशी हाय ती?" तर म्हणाला, "तुमाला काय करायचंय, दाजी?" किल्ली ज्या दोऱ्यात होती तो दोरा तुझ्या हिरव्या लुगड्याच्या काठाचा आहे. चिठ्ठी नव्हती. असेल म्हणून मी दोऱ्याची गाठसुद्धा सोडून पाहिली, आता हसू नको.

त्याच्याकडूनच कळलं की तू केडगावला मिशनच्या स्वयंपाकघरात कामाला जातेस. म्हणजे दिवसभर उभं राहून काम होतंय तुझ्याच्यानं. बरं आहे. इथं मात्र दोन हंडे पाणी आणलंस की भिंतीला टेकायचीस.

यंदा सहा डिसेंबरला दादरला गेलो नाही. गाडीत गर्दी असते आणि माझी कंबर जरा धरली आहे. दुपारची थोडी कणकण असते. विशेष काही नाही.

दुसरी गोष्ट. चांदी तुझ्याकडं पाठवतोय, करडासकट. गुरुवारी दवाखान्याची जीप चौफुल्याला जाणार आहे, तिच्यातून. सरकारी जीपमध्ये शेळी बसवायची म्हणजे ती आजारी दाखवावी लागेल, ते मी बघतो. बबनला चौफुल्यावर उभं राहायला सांग. कशाला पाठवतोय असं विचारशील. तुझ्या अंगात ताकद यावी म्हणून पाठवतोय. समजूत काढतोय असं समज, नाहीतर शेळीला चारा पुरत नाही असं समज.

तिचं दूध रोज पी, आपल्या घरी प्यायचीस तसं. धार पेल्यात काढायची आणि तिथंच उभ्यानं, फेस बसायच्या आत प्यायचं. उकळायचं नाही. चुलीवर चढलं की दुधातलं सत्त्व धुराबरोबर जातं, असं आई सांगते ते तुला पाठ आहे. तुला त्याचा कंटाळा यायचा हेही मला माहीत आहे. पण आमच्या घरात दूध म्हणजे काय, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या आबांनी गावाची मेलेली गुरं ओढली, आणि जिवंत गुराचं दूध आमच्या चुलीपर्यंत कधी आलं नाही. छप्पन्न साली त्यांनी ते काम सोडलं. सत्तर साली मला नोकरी लागली आणि आम्ही दोन शेळ्या घेतल्या, तेव्हा आई पहिला पेला हातात धरून गोठ्यात रडली होती. तू लग्न होऊन आलीस तसा तो पहिला पेला तुझा झाला. आईनं स्वतःच्या वाट्याचा दिला. त्या पेल्याला तू नाक मुरडलंस की तिला काय वाटत असेल, याचा एकदा विचार कर.

शेळी पोचल्याचं दोन ओळींत कळव.

मच्छिंद्र


न्हावरे
२६ जानेवारी १९७५

अंजना,

शेळी पोचली हे मला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. तू कळवलं नाहीस. चालेल.

आज झेंड्याला सलामी देताना माझे पाय थरथरले आणि मी शाळेच्या पायरीवर बसलो. सगळ्या गावासमोर. हेडमास्तर म्हणाले, "उपाशीपोटी आलात काय?" मी व्हय म्हणालो. खरं ते तुला सांगतो, कारण खरं सांगायला दुसरं कुणी नाही.

मला ताप येतो. दिवाळीच्या आधीपासून येतो. पहिल्या पत्रातली थंडी ही बाहेरची नव्हती. सकाळी मी चांगला असतो, सायकल मारत दवाखान्यात जातो. तीनच्या सुमारास पाठीतून एक कळ निघते, मग सांधे, मग हुडहुडी. रात्री एवढा घाम येतो की गोधडी पिळावी. त्या घामाला आंबूस वास येतो. तो वास मी ओळखला, अंजना. तुझ्या उशीला यायचा. तेव्हा मी म्हणालो होतो, जरा अंग धुवत जा.

बाजारच्या डॉक्टरांनी आधी हिवताप म्हणून गोळ्या दिल्या, मग टायफॉईड म्हणून. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. शेवटी म्हणाले, मनावर घेऊ नका, घरी बायको नसली की पुरुषाला असं होतं. दवाखान्यातला शिपाई मला बाळंतीण म्हणतो. मी कण्हलो की त्याला फार मजा येते. परवा आई म्हणाली, "तिचाच वारा लागला तुला. जाताना ठेवून गेली." आणि माझा पेला दोन पेल्यांचा केला. तेवढंच तिच्या हातात आहे.

थर्मामीटर घरात होताच. मी सकाळी लावला, अठ्ठ्याण्णव. दुपारी चारला लावला, एकशे दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवस मी तसाच लावत राहिलो, आणि चौथ्या दिवशी काच हातात धरून बसून राहिलो. तीन वर्षं मी तुझा ताप रोज मोजला आणि एकदाही दुपारी मोजला नाही.

आता दुपारी रजा टाकून घरी पडतो. पत्र्याला भोक आहे ना, त्यातून कवडसा येतो. बाराला तो उतरंडीवर असतो, मग भिंतीवरून चढत चढत आरशाच्या खिळ्यापाशी पोचला की माझी हुडहुडी सुरू होते. आई शेतावर गेलेली असते, वस्ती रिकामी असते. पाणी मागायचं तर मागायचं कुणाला. ह्या कवडशाकडं तू तीन वर्षं एकटीनं बघितलं असशील. मला फार एकटं वाटतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटतं.

तुझा ताप आता खरंच गेलाय का? एवढंच कळव.

मच्छिंद्र


न्हावरे
२ मार्च १९७५

अंजना, आधी हे वाच, मग बाकीचं.

चांदीचं दूध कच्चं पिऊ नको. घरात कुणालाही कच्चं देऊ नको, बबनच्या पोरांना तर मुळीच नाही. चुलीवर ठेव, वर येऊ दे, उतू जाऊ दे. धार काढून झाली की साबणानं हात धू. तार करणार होतो, पण खुटबावला तार आली की उघडायच्या आधी बाया रडायला लागतात. चौफुल्याच्या कंडक्टरबरोबर निरोप दिलाय, तरी त्याच्यावर माझा भरवसा नाही म्हणून हे पत्र.

आता कसं कळलं ते सांगतो. आमच्याकडं नवे डॉक्टर बदलून आलेत. गुरांचेच डॉक्टर, तरुण आहेत, बोलतात कमी. मंगळवारी दुपारी मी एका म्हशीचा पाय बांधत होतो आणि माझाच हात बांधल्यासारखा हलेना. साहेबांनी बघितलं.

"मच्छिंद्र, किती दिवस झाले?"

"चार म्हैनं, साहेब. सकाळी न्हाई, दुपारी येतोय."

"घरी शेळ्या आहेत?"

मला राग आला. माणूस मरतंय आणि हे शेळ्यांची चौकशी करतायत. म्हणालो, "हाईत की. शेळ्या चांगल्या हाईत. म्याच आजारी हाय."

"दूध कसं पिता?"

"धारेचं."

"कच्चं?"

"फेस बसायच्या आत, साहेब."

ते खुर्चीवरून उठले. "घरची कुठली शेळी कधी गाभडली होती?"

"दोनदा."

"वार कुणी ओढली? पुरली कुणी?"

"वढली म्या. पुरली मंडळींनी."

मंडळी आता कुठं आहेत असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहेरी. मग त्यांनी म्हशीचं काम शिपायाला दिलं आणि मला बाकावर बसवून सगळं समजावलं. शेळ्यांना एक रोग होतो, त्यानं त्या गाभ टाकतात. एरवी शेळी धडधाकट दिसते, चारा खाते, दूध देते. पण तो रोग दुधातून येतो, वारेतून येतो, आणि माणसाला धरतो. ताप सकाळी नसतो, दुपारी चढतो, रात्री घाम येऊन उतरतो. महिना दोन महिने राहतो, मग आपोआप नाहीसा होतो, मग परत येतो. सांधे आणि कंबर खातो. साहेब म्हणाले, "बघणाऱ्याला हे नाटक वाटतं. माणसांच्या डॉक्टरला गोठा दिसत नाही, आणि गुरांच्या डॉक्टरला माणसाचा ताप कुणी विचारत नाही."

मी म्हणालो, "पर जनावराचा रोग जनावराला, साहेब."

ते म्हणाले, "असं जनावरांनी ठरवलंय का?"

रक्त पुण्याला गेलं, काल कागद आला. ब्रुसेलोसिस असं त्याचं नाव. औषध आहे. पिवळ्या कॅप्सुला सहा आठवडे आणि सोबत इंजेक्शनं. सहा आठवडे म्हणजे सहाच, बरं वाटलं म्हणून मधे सोडायच्या नाहीत.

तू माहेरी का बरी व्हायचीस, हे मी विचारलं नाही, विचारायची गरज पडली नाही. तुमच्या घरात शेळी नव्हती. दूध चहात पडेल तेवढं, तेही उकळलेलं. मी म्हणायचो ना, भीमा ओलांडली की उतरणारा हा कुठला आजार. आणि तू तिकडं बरी झालीस, उभ्यानं काम करायला लागलीस, तर मी जीपमधून तो आजार तुझ्या दारात पाठवून दिला, करडासकट.

साहेब म्हणतात, पूर्वीचा आजार अंगात दबून राहिलेला असू शकतो. तू रक्त तपासून घे. सोबत साहेबांची चिठ्ठी ठेवली आहे, ती केडगावला डॉक्टरांना दाखव. हे एवढं कर, मग माझ्याशी जन्मभर बोलू नको.

मच्छिंद्र


न्हावरे
९ मार्च १९७५

अंजना,

उत्तर नाही. निरोप मात्र पोचला असं कंडक्टर शपथेवर सांगतो.

आपल्या उरलेल्या दोन्ही शेळ्यांच्या रक्तात तो रोग निघाला. साहेबांनी त्या नेल्या. आईला मी सांगितलं तेव्हा तिला आधी पटलंच नाही. "मला का न्हाई झालं मग?" साहेब म्हणाले, सगळ्यांनाच होतो असं नाही. आणि आईनं तिचा पेला तुला दिला होता, ती स्वतः घोटभरच प्यायची. मग ती रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली. मी बोलवायला गेलो तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरीला म्या माझ्या हातानं ईख पाजलं व्हय रं?" मी न्हाई म्हणालो. मग व्हय म्हणालो. मग दोघंही तिथंच बसलो.

दवाखान्यात जुनी रजिस्टरं आहेत. साहेबांना आपल्या शेळ्यांची माहिती हवी होती म्हणून मी बाहत्तर सालचं काढलं. माझंच अक्षर. 'शेळी, काळी, चार महिन्यांचा गाभ टाकला, मालक स्वतः. वार काढली. औषध दिलं. जागा फिनेलनं धुतली. आठ दिवस कळपात सोडू नये.' ते वाचलं आणि मला तुझं आठवलं. शेळीनंतर दोन महिन्यांनी तू मोकळी झालीस, तिसऱ्या महिन्यात. मग त्र्याहत्तरच्या दिवाळीत दुसऱ्यांदा. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही, आणि मला तारखाही धड आठवत नाहीत. मी साहेबांना विचारलं, ते त्यानंच झालं का. ते म्हणाले, असू शकेल, खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा हे मला कधीच कळणार नाही, आणि तुलाही नाही.

शेळीला मी आठ दिवस गोठ्याबाहेर काढलं नाही. तुला तिसऱ्या दिवशी पाण्याला पाठवलं. त्याच शेळीची वार तू दोन्ही हातांनी खड्डा काढून पुरलीस, आणि मी दवाखान्यातले रबरी हातमोजे घरी आणायला नको म्हणून आणले नाहीत, सरकारी होते.

आता तपेलीचं. चार पत्रं मी तिला वळसा घालून गेलो. पहिल्या पत्रात पोचा पडलेली तपेली असं लिहिलं आणि पोचा कसा पडला ते लिहिलं नाही, जणू तो आपोआप पडला.

गेल्या वर्षी होळीच्या आधी तू एका सकाळी पेल्यातलं दूध तपेलीत ओतलंस आणि चुलीवर ठेवलंस. आईनं आरडाओरडा केला. मी बाहेरून आलो. तू शांतपणे म्हणालीस, "ह्या कच्च्या दुधानंच मला हुतंय. म्हायेरी न्हाई हुत. एक म्हैना उकळून पिते, मग बघू." एवढंच म्हणालीस. तू तीन वर्षं स्वतःच्या अंगाकडं बघून ते शोधलं होतंस, न डॉक्टर, न रक्त, न कागद. आणि मी काय केलं, तर चुलीवरची तपेली लाथेनं उडवली. दूध विस्तवात गेलं, तपेली जात्याच्या पाळीवर आपटली, माझ्या पायाला भाजलं. मी म्हणालो, माझ्या आईच्या दुधाला नावं ठेवतेस काय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्यासमोर गोठ्यात उभा राहिलो आणि पेला रिकामा होईपर्यंत हललो नाही. त्यानंतर रोज उभा राहिलो, तुला खुटबावला सोडेपर्यंत. माझ्या पायाचं भाजलेलं बरं झालं तरी मी रोज उभा राहत होतो.

मी आबांचा मुलगा. अंगारे-धुपारे मानत नाही, विज्ञान मानतो, असं जयंतीच्या भाषणात सांगतो. घरात एक बाई प्रयोग करायचा म्हणत होती आणि तिला मी ढोंगी म्हणालो.

मला माफ कर असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, कागदावर दिसेल. तुला त्या शब्दाचं काय करायचं.

मच्छिंद्र


खुटबाव, ता. दौंड
२१ मार्च १९७५

ती. स्व. मच्छिंद्र यांस अंजनाचा जयभीम.

तुमची पाचही पत्रं मिळाली. शेळी आली त्या दिवसापासनं तिचं दूध मी उकळून घेते. घरात कुणी कच्चं प्यालं नाही. तुम्ही कळवायची वाट बघितली नाही.

केडगावला रक्त तपासलं. माझ्याबी रक्तात आहे. गोळ्या बुधवारपासून सुरू झाल्या. मला अधूनमधून अजून ताप येत होता, पण इथं कुणी खोटा म्हणत नव्हतं, म्हणून तुम्हाला मी बरी दिसले. शेळीचं रक्त तुमच्या साहेबांनी न्यावं.

तुम्ही जे सगळं लिहिलंय ते मला लिहून काय उपयोग. मला ते ठाऊक होतं. तुम्ही मला ढोंगी म्हणालात ते लिंबाखाली, सगळ्या वस्तीपुढं. माझे आप्पा तवापासून लिंबाखाली बसायला जात नाहीत. वस्तीला पत्रं वाचता येत नाहीत.

आत्याबाईंना सांगा, त्यांचा राग नाही. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला मी सांगितलं होतं.

अंजना


न्हावरे
१६ एप्रिल १९७५

अंजना,

परवा आपलं बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो. तू दारातून सगळं ऐकलंस, तरी मला ते एकदा तुझ्यापुढं मांडायचं आहे.

तुझं कार्ड आल्यावर मी तीन आठवडे गेलो नाही. कॅप्सुला चालू आहेत, अशक्तपणा आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भीती वाटत होती. मग ठरवलं, जयंतीलाच जायचं. त्या दिवशी सगळी वस्ती लिंबाखाली असते, कुणी शेतावर नाही, कुणी गाडीवर नाही. लाथ मारताना विचार केला नव्हता, तेव्हा बोलणं तरी मोजून करावं.

निळा झेंडा लागला, वंदना झाली. तुझे आप्पा लांब, घराच्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत. मी जाऊन पायाशी वाकलो आणि म्हणालो, "मामा, मला चार शब्द बोलायचेत. तुमी लिंबाखाली या." ते म्हणाले, "गेल्या साली बोललासा की. पोट भरलं आमचं." मी म्हणालो, "तेच निस्तराया आलोय." मग ते काठी घेऊन आले. दहा महिन्यांनी आले, हे मला तुझ्या कार्डामुळं माहीत होतं, बाकी सगळ्यांना आधीच माहीत होतं.

लोकांना वाटलं, जावई सरकारी नोकर, भाषण करणार. पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी शेळीचा रोग सांगितला, दूध सांगितलं, ताप दुपारी येतो आणि मी सकाळी मोजत होतो ते सांगितलं. तपेली सांगितली. म्हणालो, "ह्याच जागी म्या म्हणालो व्हतो, तुमची लेक ढोंगी हाय. ढोंगी ती न्हवती. तिला आजार व्हता, तो माझ्या घरानं दिला, आन् कशानं झाला ते तिनंच वळखलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई." तिथंच थांबलो. भाषणात शेवटी जे म्हणायचं असतं तेही म्हणालो नाही.

मग बायांमधून भागुबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "तवा का न्हाई ऐकलंसा?"

हा प्रश्न मी साहेबांना विचारला नव्हता, स्वतःलाही नाही. पुष्कळ कारणं सांगता आली असती, आबांची, आईच्या पेल्याची. मी म्हणालो, "ऐकायचं न्हवतं म्हणून." एका बाजूला तुळजाबाई आपल्या सुनेच्या कपाळाला हात लावून बघत होत्या. नंतर त्या माझ्याकडं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हिला बी दुपारचाच येतोय. आमी कामचुकार म्हणतो." मी त्यांना केडगावच्या डॉक्टरांकडं जायला सांगितलं आहे. घरात शेळ्या तीन आहेत म्हणे. तू जरा मागं लाग.

आप्पा तिथंच बसून राहिले. लोक उठले तरी बसून राहिले. मी ओट्याशी आलो, तर तू आत गेलीस. चूल पेटवल्याचं मला बाहेरून कळलं. तू दूध ठेवलंस आणि ते वर येईपर्यंत तिथंच उभी राहिलीस, मी गोठ्यात उभा राहायचो तशी. मग पेला आणून माझ्यासमोर ठेवलास. वर जाड साय होती. हात गरम पेल्याला लावला तेव्हा मला रडू आलं, ते तू बघितलंस आणि बघितलं नाहीस असं केलंस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत.

तू एकच बोललीस. "गोळ्या किती राहिल्या?"

मी म्हणालो, "संपत आल्यात. दोन दिवस."

"पुऱ्या करा."

मग मी निघालो. तू ये असं मी तिथं म्हणालो नाही आणि इथंही लिहीत नाही. तुझ्या गोळ्या तीस तारखेला संपतात. त्यानंतर काय ते तू ठरव, कुणी तुझ्यासमोर उभं राहणार नाही.

माझी शेवटची गोळी आज सकाळी झाली. दुपारी चारला थर्मामीटर लावला, साडेअठ्ठ्याण्णव. कवडसा आरशाच्या खिळ्यावरून पुढं गेला तरी मी बसलेला होतो. आई म्हणाली चहा करते. शेजारच्यांकडचं दूध आणलं होतं. ती आता दुधापाशी बसून राहते, उतू गेलं तरी खाली घेत नाही, मला ओरडावं लागतं.

तपेली बाजारात नेली होती. तांबटानं पोचा ठोकून काढला, पण सगळा निघाला नाही. म्हणाला, खूण राहणारच. आता चुलीवर सरळ बसते, दूध तापवायला चालते.

मच्छिंद्र